ओपीडीतून संशोधनाकडे

चि. भाचीस,

‘एमबीबीएसनंतर काय?’ याचं परभणीतलं उत्तर ठरलेलं आहे. एमडी करायचं, वसमत रोडला जागा घ्यायची, हॉस्पिटल टाकायचं. त्यात वाईट काहीच नाही. पण संशोधनात जायचंय म्हणणाऱ्या मुलीला ‘मग प्रॅक्टिस सोडणार का?’ असं विचारतात, तिथे मोठा गैरसमज आहे. जगाने दखल घ्यावी असं जे वैद्यकीय संशोधन महाराष्ट्रात झालं, त्यातलं कितीतरी रोज पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातून झालं.

डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. गाव देहेड, जन्म 1951 चा. नागपूरहून एमबीबीएस होऊन 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावला की धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावायची. बावस्करांनी एकेका पेशंटजवळ बसून नोंदी ठेवल्या. घाम किती, उलट्या कधी, हातपाय केव्हा गार पडले, नाडी-रक्तदाब तासातासाला कसा बदलला. विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस जातो, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं. त्यांचा निबंध 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मग उपचार. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. पण त्याला सलाइन आणि अखंड पहारा लागतो, खेड्यातल्या केंद्राला ते झेपणारं नाही. म्हणून ते रक्तदाबाच्या प्राझोसिन या साध्या गोळीकडे वळले. त्याआधी फुप्फुसात पाणी झालेल्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस जण दगावत, असं पश्चिम भारतातले अहवाल सांगतात. प्राझोसिननंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या खाली आलं.

गोष्ट इथे संपत नाही, आणि तुझ्यासाठी पुढचा भागच जास्त महत्त्वाचा. विंचूदंशावरचं प्रतिविष उपलब्ध झाल्यावर ते गोळीच्या जोडीला द्यावं का, हा नवा प्रश्न आला. अंदाजावर न सोडता बावस्कर पती-पत्नींनी महाडला 70 पेशंटांवर रीतसर चाचणी घेतली. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवरच्या 35 पैकी 8. हा निबंध 2011 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तालुक्याच्या गावात चिठ्ठ्यांसारखी वाटणी करून, तुलनेचा गट ठेवून चाचणी घेता येते, याचा याहून चांगला पुरावा मराठवाड्यातल्या मुलांना शोधायची गरज नाही.

तरी त्यांचा रस्ता जसाच्या तसा धरू नकोस. त्यांना बरंचसं एकट्याने शिकावं लागलं. आज शिकवणारे आहेत, तेव्हा ते न शिकता उतरण्यात काही शौर्य नाही. डॉ. अभय आणि राणी बंग आधी पूर्ण डॉक्टर झाले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. पद्धत शिकल्याचा फरक त्यांच्या नवजात बालकांच्या अभ्यासात दिसतो: 39 गावांत प्रशिक्षित बायांनी घरोघर बाळांची काळजी घेतली आणि 47 गावं तुलनेला ठेवली. बालमृत्यू नुसते कमी झाले असते तर कुणीही म्हटलं असतं, रस्ते झाले, पाऊस चांगला झाला. तुलनेची गावं होती म्हणून नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला हे 1999 च्या निबंधात ठामपणे मांडता आलं. आज आपल्या जिंतूर-सेलूतल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, तो देशभरचा कार्यक्रम 2011 पासूनचा. त्याची मुळं त्या 39 गावांत आहेत.

आणि चिकाटी म्हणशील तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची मोजमापं त्यांच्या गटाने 1993 पासून, गरोदरपणाच्याही आधीपासून घेतली. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांहून वजनाला कितीतरी हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी टिकवून असलेली, हे त्यातून दिसलं. पुढे मधुमेहाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. ती मुलं मोठी झाली तरी अभ्यास चालू राहिला.

आता तुझं. पहिली पायरी एमबीबीएसमध्येच आहे: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे एसटीएस. ती 1979 पासून चालू आहे. आपल्याच कॉलेजातला गाइड, दोन महिन्यांचं काम, विद्यावेतन. दोन महिन्यांत शोध लागत नाही. पण प्रस्ताव लिहिणं, एथिक्स कमिटीपुढे उभं राहणं, पेशंटला मराठीत समजावून संमती घेणं, हे हातात बसतं. नंतर आरोग्य केंद्रात सरकारी सेवेचं, म्हणजे बाँडचं, वर्ष येईल. मुलं ते कसंबसं ढकलतात, नीटच्या पुस्तकांत डोकं घालून. बिरवाडीही आरोग्य केंद्रच होतं, एवढं आठव.

पीजीत प्रबंध सक्तीचा, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा (एनआयई) संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा, जिल्हा रुग्णालयातले तीन महिनेही सक्तीचे. जुन्या प्रबंधातली नावं-आकडे बदलून नवा प्रबंध जुळवण्याची चाल आहे. त्या वाटेला जाऊ नकोस. उपचारांची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी कर. एमडीनंतर खरं शिक्षण: एनआयई किंवा तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात एमपीएच, नाहीतर पीएचडी. पैशांची चिंता घरच्यांना वाटते, ती खोटी नाही. हॉस्पिटलएवढी कमाई इथे नाही. पण संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेची पाच वर्षांची फेलोशिप डॉक्टरांना पगार आणि संशोधनाचा खर्च दोन्ही देते.

परभणीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 ला सुरू झालं. तिथे संशोधनाची परंपरा अजून घडायची आहे, पण गावातच 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. प्रयोगाची आखणी आणि संख्याशास्त्र जाणणारी माणसं तिथे आहेत. त्यांना जाऊन भेट. विषयांचा तर दुष्काळच नाही. कपाशीवर फवारणी करताना होणारी विषबाधा, मे महिन्यातला उष्माघात, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमधला रक्तक्षय. यातला एकच घे, आणि तोही लहान करून घे.

एसटीएसची पुढची जाहिरात निघायच्या आत गाइड ठरव आणि प्रस्तावाचा कच्चा मसुदा मला पाठव.

तुझी आत्या