जाणत्या शेतकऱ्यांचे बोल कसे टिपावेत : डिजिटल ध्वनिमुद्रकाची मांडणी व वापर

इ. स. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने ग्रामीण शेती मंडळांचा एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन याप्रमाणे एकूण वीस कार्यक्रम या मंडळांनी ऐकले, त्यांवर चर्चा केली आणि आपल्या शंका केंद्राकडे कळविल्या. त्या काळी आवाज मुख्यतः शहराकडून गावाकडे येत असे. ध्वनिमुद्रणाची यंत्रे जड आणि महाग होती, व ती चालविण्यास तज्ज्ञ लागत. आता तळहातावर मावणारा डिजिटल ध्वनिमुद्रक शेतकरी मंडळास, शेतकरी उत्पादक कंपनीस किंवा एखाद्या शाळेसही बाळगता येतो. गावातील अनुभव गावातच, गावच्याच बोलीत टिपून ठेवण्याची सोय त्यामुळे झाली आहे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी वयाच्या विशीत घरचे बियाणे राखले, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. मोट हाकलेली माणसे तर याहून थोडी उरली आहेत. कोणत्या जमिनीत काळभात धरावा व कोणत्या जमिनीत कोळपी, हुरड्यासाठी गूळभेंडी ज्वारी केव्हा काढावी, तिफणीच्या चाड्यावर मूठ कशी सोडावी, हे ज्ञान पुष्कळदा कोठेही लिहिलेले नसते. शिवाय काही गोष्टी कागदावर पूर्णपणे उतरत नाहीत. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. शब्द वहीत राहिले. परंतु ज्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, त्यांचीच चाल आज आपल्या कानी पडते. बैलास दिलेली हाळी, भलरीचा ठेका आणि बोलीतील उच्चार यांचीही हीच गोष्ट आहे.

एकदा निसटलेली मुलाखत बहुधा पुन्हा मिळत नाही. सबब यंत्र विकत घेण्यापेक्षा ते नीट मांडण्यास व वापरण्यास अधिक महत्त्व आहे.

१. यंत्राचे कार्य

ध्वनी म्हणजे हवेतील कंप. मायक्रोफोन या कंपांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. ध्वनिमुद्रक त्या लहरींचे दर सेकंदास हजारो वेळा मोजमाप घेतो आणि ते आकड्यांच्या रूपाने मेमरी कार्डावर साठवितो. माणसाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे कंप ऐकू येतात. ते विश्वासाने टिपावयाचे तर मोजमापे त्याच्या दुपटीहून अधिक वेळा घ्यावी लागतात. म्हणून यंत्राच्या सूचीत ४८ किलोहर्ट्झ हा आकडा निवडावा. प्रत्येक मोजमापाची सूक्ष्मता बिटमध्ये सांगतात. ती २४ बिट ठेवावी.

फाइलचा प्रकार ‘वेव्ह’ असावा. एमपी-३ प्रकारात जागा कमी लागते, पण ध्वनीचा काही भाग कायमचा गाळला जातो, आणि गाळलेले पुढे परत मिळत नाही. वरील मापाने दोन्ही बाजूंचे, म्हणजे स्टिरिओ, मुद्रण केल्यास तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. ३२ जीबीच्या कार्डावर सुमारे तीस तासांचे काम मावते. एकाच माणसाचे बोलणे एका मायक्रोफोनने मोनो घेतल्यास निम्मीच जागा पुरते. जागेची काटकसर म्हणून मूळ प्रत निकृष्ट करण्याचे कारण नाही.

२. घरून निघण्यापूर्वी

पुढील तयारी आदल्या दिवशी करावी.

(अ) यंत्रातील तारीख व वेळ बरोबर लावावी. प्रत्येक फाइलवर तीच उमटते आणि पुढे ओळख पटविण्यास उपयोगी पडते.

(आ) जुन्या मुद्रणाच्या दोन प्रती सुरक्षित असल्याची खात्री करून घ्यावी, आणि मगच कार्ड यंत्रातच ‘फॉरमॅट’ करावे. संगणकावर ते करू नये.

(इ) नवे किंवा पूर्ण भारलेले सेल घालावेत व त्यांचा एक जोड बरोबर घ्यावा. भारता येणारे सेल १.२ व्होल्टचे आणि साधे १.५ व्होल्टचे असतात. यंत्राच्या सूचीत सेलचा प्रकार नोंदविला नाही, तर शिल्लक शक्तीची खूण चुकीची दिसते.

(ई) बाहेरचा मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा असेल तर त्यास बहुधा यंत्रातून ४८ व्होल्टची वीज द्यावी लागते. तिला ‘फँटम पॉवर’ म्हणतात. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनला तिची गरज नसते. तेव्हा ती बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे सेल लवकर उतरतात.

(उ) आवाजाची पातळी आपोआप लावणारी योजना बंद करावी. ती चालू असल्यास बोलणारा क्षणभर थांबला की यंत्र आपण होऊन जोर वाढविते, आणि रातकिड्यांचा किंवा दूरच्या पंपाचा आवाज मध्येच उसळून येतो.

(ऊ) सुमारे ८० हर्ट्झखालचे आवाज गाळणारी चाळणी बहुतेक यंत्रांत असते. बोलणे टिपताना ती लावावी. वाऱ्याची व मोटारीची घरघर कमी होते. ढोल किंवा संबळ यांचे मुद्रण असेल तर मात्र ती काढावी.

३. जागेची निवड

जागी पोहोचल्यावर प्रथम दोन मिनिटे स्वस्थ उभे राहून ऐकावे. पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, छताचा पंखा, शीतकपाट यांचे आवाज आपल्या कानाच्या सवयीचे झालेले असतात. यंत्राला ती सवय नसते. शक्य ते घरधन्याच्या परवानगीने थोडा वेळ बंद करावेत आणि निघताना ते पुन्हा चालू करण्यास विसरू नये. सर्वांनी मोबाइल दूर ठेवावेत किंवा विमान-प्रवासाच्या स्थितीत ठेवावेत. त्यांच्या लहरींमुळे मुद्रणात टरटर उमटण्याचा संभव असतो.

गुळगुळीत भिंती व फरशी असलेल्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पत्र्याखाली पावसात काम होत नाही. धान्याच्या पोत्यांनी भरलेली खोली, जाड मातीच्या भिंतींचे माळवदी घर किंवा अंथरुणे रचलेली माजघराची बाजू यासाठी उत्तम. खाली दुहेरी घोंगडी अंथरावी. घुमारा कमी होतो आणि यंत्रास धक्काही पोहोचत नाही. बाजेवर किंवा टेबलावर यंत्र ठेवल्यास बोटांचा प्रत्येक ठोका मुद्रित होतो, हे ध्यानात असू द्यावे.

शेतात मुद्रण करणे भाग असेल तर मायक्रोफोनला लोकरी केसांचे आवरण घालावे. स्पंजाची टोपी मोकळ्या वाऱ्यात पुरत नाही. आवरण नसल्यास बांधावरच्या झाडाचा, भिंतीचा किंवा गंजीचा आडोसा घ्यावा.

४. मायक्रोफोन जवळ, यंत्र स्थिर

चांगल्या मुद्रणाचे अर्धे रहस्य अंतरात आहे. मायक्रोफोन तोंडापासून एक ते दीड वितीवर असावा. मोकळ्या जागी हे अंतर दुप्पट झाले की बोलण्याचा जोर सुमारे ६ डेसिबलने घटतो, परंतु भोवतालचा गलका होता तेवढाच राहतो. नंतर यंत्राची पातळी वाढविली तर गलकाही त्याबरोबर वाढतो. महागडे यंत्र चार हातांवर ठेवण्यापेक्षा साधे यंत्र वितीवर ठेवणे चांगले.

मायक्रोफोन तोंडासमोर थेट न धरता किंचित बाजूला धरावा. तसे न केल्यास प, फ, ब, भ या अक्षरांचा श्वास त्यावर आदळून धप्प असा आवाज येतो. कपड्यास लावण्याचा लहान मायक्रोफोन असेल तर तो छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली लावावा. पदर, उपरणे किंवा माळ त्यावर घासणार नाही असे पाहावे.

५. पातळी लावणे

यंत्राच्या पडद्यावरील मापपट्टीचे आकडे उणे असतात व शून्य हे वरचे टोक असते. जुन्या चुंबकीय फितीवर आवाज थोडा अधिक झाला तरी निभावत असे. डिजिटल मुद्रणात शून्यापलीकडे काहीच साठविले जात नाही. लहरीचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. मग तो पूर्ववत करता येत नाही. उलट २४ बिट मुद्रणात पातळी थोडी कमी राहिली तर ती नंतर विनासायास वाढविता येते. यास्तव चुकायचेच झाल्यास कमी पातळीच्या बाजूने चुकावे.

नेहमीचे बोलणे उणे १८ ते उणे १२ या दरम्यान राहील आणि हसणे किंवा मोठ्याने बोलणे उणे ६ च्या पुढे जाणार नाही, अशी पातळी लावावी. चाचणीसाठी ‘एक, दोन, तीन’ म्हणावयास सांगू नये. तसे कोणी खऱ्या आवाजात म्हणत नाही. आज सकाळपासून काय काय कामे झाली, असे विचारावे, आणि बैलास हाळी कशी देत असत तेही एकदा करून दाखवावयास सांगावे. अलीकडच्या काही यंत्रांत ३२ बिट ‘फ्लोट’ पद्धत असते. तिच्यात पातळीची चूक पुढे बऱ्याच अंशी सुधारता येते; परंतु दूर ठेवलेला मायक्रोफोन किंवा वाऱ्याचा मारा यांवर ती उपाय नव्हे.

कान झाकणारा हेडफोन लावून ऐकत राहावे. आवाज आहे एवढेच मापपट्टी दाखविते. तो माणसाचा, वाऱ्याचा की सैल वायरचा, हे कानच सांगतो.

६. मुद्रण सुरू करताना

कित्येक यंत्रांत तांबडी कळ पहिल्यांदा दाबली की केवळ तयारीची अवस्था येते व दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर मुद्रण सुरू होते. पडद्यावरील सेकंदांचे आकडे पुढे सरकत आहेत हे पाहिल्यावाचून पहिला प्रश्न विचारू नये. त्यानंतर कळा बंद करणारी ‘होल्ड’ची खुंटी सरकवावी, म्हणजे चुकून हात लागून काम थांबणार नाही.

आरंभी तारीख, गाव, तालुका, सांगणाऱ्याचे व विचारणाऱ्याचे नाव आणि विषय हे स्पष्ट बोलावे. मग हे बोलणे कशासाठी घेतले जात आहे, ते कोण ऐकणार आणि कोठे ठेवले जाणार, हे समजावून सांगून संमती विचारावी व तिचे उत्तरही मुद्रित करावे. वनौषधीचे किंवा घराण्यात राखलेल्या बियाण्याचे ज्ञान ही सांगणाऱ्याची ठेव आहे. एखादा भाग गाळा असे त्याने म्हटल्यास तो गाळावा. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीस अशा मुलाखतींची मोठी मदत होऊ शकते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे. म्हणून वाण कोणी, कोठे व किती वर्षे राखले, हे नेमके विचारून घ्यावे.

७. प्रश्न कसे विचारावेत

‘पूर्वीची शेती कशी होती?’ या प्रश्नाला पूर्वीची शेती चांगली होती असेच उत्तर मिळते. त्याऐवजी एक शेत, एक हंगाम, एक काम धरावे. ‘बहात्तर साली बियाणे कशात साठविले होते?’, ‘वाफसा आला हे तुम्ही कशावरून ओळखता?’ असे विचारले की माणूस तपशिलात शिरतो. मातीचा मुठीत दाबलेला गोळा खाली टाकल्यावर फुटतो की चिकटून राहतो, अशा खुणा मग आपोआप बाहेर येतात.

यंत्राला डोळे नसतात. कोणी हाताने दाखवून ‘एवढे खोल’ म्हणाले तर ‘म्हणजे चार बोटे ना?’ असे विचारून ते शब्दांत आणावे. पायलीचे माप ठिकठिकाणी निराळे असते; किलोत किती भरते तेही विचारावे. सांगणारा बोलत असताना मध्येमध्ये ‘हो, हो’ न म्हणता मान हलवावी. तो थांबला तरी लगेच दुसरा प्रश्न टाकू नये. पुष्कळदा अशा विसाव्यानंतरच मोलाची गोष्ट निघते.

अखेरीस सर्वांनी स्तब्ध राहून अर्धा मिनिट केवळ त्या जागेची शांतता मुद्रित करावी. पुढे खोकला किंवा व्यत्यय काढताना जोड बसविण्यास ती उपयोगी पडते. नंतर थांबविण्याची कळ दाबावी, आणि फाइल पुरी लिहिली जाईपर्यंत सेल अथवा कार्ड काढू नये. अन्यथा फाइल न उघडण्याचा धोका असतो. निघण्यापूर्वी काही भाग सांगणाऱ्यास ऐकवावा. स्वतःचा आवाज ऐकून त्यास आणखी काही आठवते, आणि चुकीचे नाव किंवा साल तोच दुरुस्त करतो.

८. जतन

फितीचा आवाज हळूहळू क्षीण होई. डिजिटल मुद्रण एका कळीने समूळ नाहीसे होऊ शकते. म्हणून त्याच दिवशी कार्डावरील फाइल दोन निरनिराळ्या साधनांवर उतरवावी आणि दोन्ही प्रती मध्येमध्ये उघडून ऐकाव्यात. एकंदर तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. दोन प्रतींची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नये. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस व शेवटी गाव लिहावे, म्हणजे सर्व मुद्रणे क्रमाने लागतात. मूळ फाइलीत कोणताही बदल करू नये. लोकांना पाठविण्यासाठी तिची वेगळी लहान प्रत करावी.

यंत्राबरोबर एक वही असावी. कोणत्या मिनिटाला कोणता विषय निघाला, कोणते स्थानिक शब्द आले व त्यांचा अर्थ काय, हे त्याच संध्याकाळी लिहावे. ज्या मुद्रणाची नोंद नाही, ते थोड्याच वर्षांत न ऐकलेल्या मुद्रणासारखे होऊन जाते.

प्रत्येक शेतकरी मंडळाने येत्या हंगामापूर्वी आपल्या गावातील वयोवृद्ध शेतकरी स्त्रीपुरुषांची यादी करावी आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून कामास आरंभ करावा. बियाणे ओले होऊ नये म्हणून आपण जी काळजी घेतो, तीच या बोलांची घेतली तर त्यांचा लाभ पुढच्या पिढीच्या पेरणीला मिळेल.