हिंसेचे उपादान व निमित्त

घट घडावयास माती लागते, तसेच कुंभार, चाक व दंडही लागतात. माती हे उपादान, बाकीची निमित्ते. माणसाच्या हातून घडणाऱ्या क्रौर्याचा विचार करताना मात्र आपण बहुधा मातीपाशीच थांबतो. अमुकाने मारले, का मारले? तर तो मुळातच तामसी! एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. कुंभार व चाक कोठे होते, हे विचारावयाचे राहूनच जाते.

प्रथम उपादान पाहू. इ. स. १९३९ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन डोलार्ड व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी असा सिद्धांत मांडला की, इच्छेच्या मार्गात अडथळा आला म्हणजे वैफल्य येते व वैफल्यातून आक्रमण उपजते. श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील काम-क्रोधांची परंपरा ज्यांच्या नित्य पठणात आहे, त्यांना यात नवल वाटू नये. अडलेला काम तोच क्रोध. परंतु प्रत्येक विफल मनुष्य हात उगारीत नाही, आणि हात उगारणारा प्रत्येक जण विफल नसतो, ही त्या सिद्धांताची उणीव लवकरच ध्यानी आली. १९६१ साली आल्बर्ट बंडुरा यांनी स्टॅनफर्ड येथे ७२ बालकांवर केलेल्या प्रयोगात, वडील माणसाला रबरी बाहुलीस झोडपताना पाहिलेल्या मुलांनी तोच मार, तेच शब्द हुबेहूब उचलले. तेव्हा क्रोध आतून येतो, पण त्याची रीत बाहेरून शिकली जाते.

आता निमित्ताकडे वळू. येथेच खरा विचार आहे. त्याच येल विद्यापीठात १९६१ च्या ऑगस्टमध्ये स्टॅन्ली मिलग्राम यांनी एक प्रयोगमाला आरंभिली. लक्षावधी ज्यूंना मरणाच्या छावण्यांकडे धाडणाऱ्या आइकमनवर त्या वेळी जेरुसलेम येथे खटला चालू होता, व ‘मी केवळ आज्ञा पाळली’ हा त्याचा बचाव जगभर चर्चिला जात होता. स्मरणशक्तीचा अभ्यास आहे, असे सांगून साधे नागरिक बोलावण्यात आले. एकाने शिक्षक व्हावे. पलीकडच्या खोलीत खुर्चीस बांधलेला विद्यार्थी चुकला की त्यास विजेचा धक्का द्यावा. प्रत्येक चुकीस १५ व्होल्टने वाढ, शेवट ४५० व्होल्टवर. प्रत्यक्षात धक्का बसत नव्हता आणि विद्यार्थी नट होता, पण शिक्षकास हे ठाऊक नव्हते. तो कचरला की करडा अंगरखा घातलेला प्रयोगकर्ता शांतपणे म्हणे, पुढे चला.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वृत्तांतात ४० पैकी २६ जण शेवटच्या कळीपर्यंत गेले. त्यांना क्रोध आला होता काय? मुळीच नाही. ते घामाने भिजले, थरथरले, ओठ चावू लागले. काहींना अनावर हसू फुटले. धक्क्याचे प्रमाण ज्याचे त्याने ठरवावे असे जेव्हा सांगितले, तेव्हा ४० पैकी बहुतेकांनी सौम्य धक्क्यांवरच भागविले. म्हणजे दुसऱ्यास पीडा देण्याची वासना त्यांच्या ठायी बलवान नव्हती. परिस्थिती पालटली की आचरण पालटे. विद्यार्थी त्याच खोलीत बसविला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे शेकडा ४० उरले. त्याचा हात स्वहस्ते धरून पट्टीवर दाबावा लागला, तेव्हा ३०. उलट कळ दुसऱ्याने दाबावयाची व आपण केवळ साह्यभूत काम करावयाचे, अशी योजना होताच ४० पैकी ३७ जण अखेरपर्यंत राहिले.

या शेवटच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. पातंजल योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित व अनुमोदित असे भेद केले आहेत. लौकिकात कृत तेवढेच पाप मानण्याची खोड आहे, आणि नेमकी कारित-अनुमोदित हिंसाच सर्वांत सहज घडते, असे हा प्रयोग दाखवितो. हात निराळा व आज्ञा निराळी झाली की दोष कोणाच्याच पदरी राहत नाही, असे प्रत्येकास वाटू लागते. शिवाय पायऱ्या लहान होत्या. ज्याने १५० व्होल्ट दिले, त्यास १६५ देण्याचे नाकारावयाचे, तर मागचे दहाही धक्के अयोग्य होते असे मनाशी मानावे लागे.

येथे कोणी आक्षेप घेईल: सर्व भार निमित्तावर टाकला, तर कर्ता निर्दोष ठरतो. तसे नाही. परिस्थिती तीच असता ४० पैकी १४ जण उठलेच. उपादान शून्य नसते. दुसरा आक्षेप प्रयोगावरच आहे. जीना पेरी यांनी २०१२ साली जुनी टिपणे तपासून दाखविले की, धक्के खरे आहेत यावर कित्येकांचा विश्वास नव्हता व प्रयोगकर्ताही ठरल्या वाक्यांपलीकडे जात असे. हा आक्षेप वजनदार आहे, आकडे त्यामुळे सैल धरावेत. परंतु १५० व्होल्टवर थांबवून जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुनःप्रयोगातही शेकडा ७० पुढे जाण्यास सिद्ध होते. (१९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगप्रयोग मात्र येथे प्रमाण म्हणून घेतला नाही, त्यातील पहारेकऱ्यांस कठोर वागण्याची सूचना आधीच मिळाली होती, असे पुढे उघड झाले.)

आणखी एक रचना होती, तिची चर्चा कमी होते. शिक्षकाच्या शेजारी आणखी दोन शिक्षक बसविले, व ते एकामागून एक नकार देऊन उठले. तेव्हा ४० पैकी केवळ ४ शेवटपर्यंत गेले. जे थांबले त्यांतील अनेकांना नंतर विचारले असता ते म्हणाले, ते दोघे उठले नसते तरीही आम्ही थांबलोच असतो.