अपस्मारावरील शस्त्रक्रिया आणि दृष्टिक्षेत्राची मोजणी

अपस्मार, म्हणजेच आपल्याकडे ज्याला फेफरे किंवा मिरगी म्हणतात तो विकार, बहुतेक रुग्णांत नियमित औषधांनी आटोक्यात राहतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना मात्र औषधांचा पुरेसा गुण येत नाही. त्यांच्यापैकी काहींचे झटके मेंदूच्या एका ठरावीक भागातून उद्भवतात व तो भाग काढल्यास ते थांबू शकतात. भारतात वेल्लोर येथे डॉ. जेकब चँडी यांनी १९५२ मध्ये अशा शस्त्रक्रियेचा प्रारंभ केला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९५ मध्ये या उपचाराचा सर्वंकष कार्यक्रम सुरू केला. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयातही अशा शस्त्रक्रिया होतात. दहिसरसारख्या उपनगरातील रुग्णाला त्यासाठी परराज्यात जावे लागत नाही.

दृष्टीवर परिणाम का होतो?

ही शस्त्रक्रिया बहुधा कानशिलामागील शंखखंडावर केली जाते. डोळ्यांकडून मेंदूच्या मागील भागाकडे जाणाऱ्या तंतूंपैकी काही तंतू या खंडातून वळसा घेऊन जातात. अ‍ॅडॉल्फ मेयर यांनी १९०७ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या वळशाला मेयर यांचे नाव मिळाले. हे तंतू दुखावल्यास विरुद्ध बाजूचा वरचा चतुर्थांश दिसेनासा होतो. डाव्या शंखखंडावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर दोन्ही डोळ्यांनी पाहूनही उजवीकडील वरचा भाग दिसत नाही. कोणाला थोडाच भाग दिसत नाही, तर कोणाला पूर्ण चतुर्थांश.

येथे ध्यानात ठेवण्याची मुख्य गोष्ट अशी की, अक्षरांचा तक्ता वाचून ही हानी कळत नाही. तक्त्याने समोरची नजर किती तीक्ष्ण आहे एवढेच समजते. चतुर्थांश गमावलेला रुग्ण शेवटची ओळही अचूक वाचू शकतो. त्याला डोळ्यांपुढे काळा पडदाही दिसत नाही. त्यामुळे आपल्याला काही दिसत नाही, हे पुष्कळदा त्याच्या ध्यानातच येत नाही.

मोजणी कशी करतात?

निरोगी डोळ्याला वर सुमारे ६० अंश, खाली ७० ते ७५ अंश, नाकाच्या बाजूस ६० अंश आणि कानाच्या बाजूस ९० अंशांहून अधिक क्षेत्र दिसते. ते मोजताना रुग्णाला अर्धगोलाकार यंत्रासमोर बसवून मध्यबिंदूकडे पाहत राहण्यास सांगतात. निरनिराळ्या ठिकाणी प्रकाशाचे ठिपके उमटतात. ठिपका दिसताच त्याने कळ दाबावयाची असते. त्यावरून प्रत्येक डोळ्याचा नकाशा तयार होतो. तपासणी वेदनारहित असून प्रत्येक डोळ्याला काही मिनिटे पुरतात. शस्त्रक्रियेपूर्वीचा नकाशा नसेल, तर नंतरच्या हानीची तुलना कशाशी करावयाची? म्हणून ही मोजणी दोन्ही वेळा व्हावी.

घरी, शाळेत व रस्त्यावर

वरचा चतुर्थांश गेल्याने चालणे सहसा अडत नाही. मात्र वरच्या फळीवरील भांडे, वाकलेली फांदी, स्थानकावरील सूचनाफलक यांकडे मान वळवून पाहण्याची सवय लावावी लागते. लहान मुलांत कधी मेंदूच्या एका अर्ध्या भागावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते व त्यामुळे दृष्टिक्षेत्राची एक संपूर्ण बाजू जाते. उजवी बाजू गेलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी वर्गात उजवीकडे बसवावे, म्हणजे फळा त्याच्या डावीकडे, दिसणाऱ्या बाजूस येईल. वाचताना ओळ सुटते, म्हणून त्याला आळशी ठरवू नये.

वाहन चालविण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दहिसरमधील एखाद्या रिक्षाचालकाचे झटके शस्त्रक्रियेने थांबले, तरी तेवढ्यावरून त्याने पुन्हा रिक्षा हाती घेणे योग्य नव्हे. पश्चिम द्रुतगती महामार्गावर बाजूने येणारे वाहन दिसलेच नाही, तर इतरांच्याही जिवावर बेतेल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील आरोग्यविषयक नमुन्यात अपस्माराबाबत प्रश्न आहे. त्याचे उत्तर खरे द्यावे. ब्रिटनमध्ये खासगी मोटारचालकासाठीही सुमारे १२० अंश रुंद दृष्टिक्षेत्राची अट आहे. उपजीविकेचा असा निर्णय अंदाजावर न सोडता दृष्टिक्षेत्राचा नकाशा डॉक्टरांपुढे ठेवून घ्यावा.

दृष्टिक्षेत्र घटण्याच्या भीतीने शस्त्रक्रिया टाळणेही इष्ट नव्हे. अनावर झटक्यांमुळे पडणे, भाजणे, बुडणे यांचा धोका सतत असतो. त्या मानाने मोजलेली व समजून घेतलेली हानी पुष्कळांना सोसण्याजोगी ठरते. आपल्या परिसरात असा रुग्ण असल्यास शिक्षक, पंचायत सदस्य व आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्याच्या कुटुंबीयांना दोन गोष्टी सांगाव्यात: औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून थांबवू नयेत, आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा असे दोन्ही नकाशे कागदपत्रांत जपून ठेवावेत.