वैमानिकपदाची मुलाखत : पूर्वतयारीची दिशा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहू येथे विमान उतरविले. तेव्हापासून नागरी विमान वाहतुकीशी मुंबईचे नाते जडले. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींतून वाढलेल्या मुलामुलींना या व्यवसायाचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच होय. मात्र व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते व त्यासाठी अनेक कुटुंबांना मोठे कर्ज काढावे लागते. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. मधला टप्पा मुलाखतीचा असतो.

मुलाखतीचे स्वरूप

अनेक विमान कंपन्या सूत्रबद्ध मुलाखतीची पद्धत अवलंबितात. या पद्धतीत सर्व उमेदवारांना ठरावीक प्रश्न विचारले जातात व उत्तरांना पूर्वनिश्चित निकषांनुसार गुण दिले जातात. हवामानशास्त्र, दिशादर्शन, विमानाची यंत्रणा यांचे ज्ञान तपासले जातेच. शिवाय संभाषण, सहकार्य, परिस्थितीचे भान व निर्णयशक्ती हे गुणही पारखले जातात. "वरिष्ठांचा निर्णय चुकीचा वाटला तेव्हा आपण काय केले?" अशा धर्तीचे प्रश्न त्यासाठीच असतात.

या प्रश्नामागे कटू अनुभव आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ येथे धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. धावपट्टी मोकळी नसावी, अशी शंका एका विमानातील अभियंत्याने बोलून दाखविली होती. परंतु ती मानली गेली नाही. सहकाऱ्याने स्पष्ट बोलावे आणि प्रमुखाने ते ऐकावे, हा धडा त्यानंतर जगभर वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा भाग बनला.

उत्तराची मांडणी

वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, हा आपल्याकडील संस्कार आहे. तथापि आदर राखणे आणि गप्प राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे उमेदवाराने जाणले पाहिजे. त्याची उदाहरणे त्याच्या जवळच असतात. समजा, गणेशोत्सवात दर्शनाची रांग अरुंद बोळातून वळविण्याचे ज्येष्ठ कार्यकर्त्याने ठरविले. तेथे गर्दी कोंडेल हे स्वयंसेवकाच्या लक्षात आले व त्याने ते नम्रपणे, पण वेळीच सांगितले. असा खरा प्रसंग चार पायऱ्यांनी मांडावा : परिस्थिती काय होती, आपली जबाबदारी कोणती होती, आपण नेमके काय केले आणि परिणाम काय झाला. "आम्ही केले" असे मोघम न सांगता स्वतःचा वाटा सांगावा. रचलेला प्रसंग दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नातच उघडा पडतो.

शिक्षकांचे साहाय्य

शिक्षकांना व स्थानिक कार्यकर्त्यांना या कामी बरेच करता येईल. तिघांनी परीक्षक म्हणून बसावे, प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारावेत, स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि नंतर उणिवा समजावून सांगाव्यात. हा सराव इंग्रजीतून व्हावा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भाषाप्रभुत्वाच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी आवश्यक असते. तीत उच्चारांच्या ऐटीपेक्षा आशयाच्या स्पष्टतेला महत्त्व आहे.

अशा सरावासाठी पैसा लागत नाही. एक वर्गखोली आणि काही संध्याकाळी पुरेशा आहेत.