निर्जळी सोमवार

बस जरा. चहा विचारत नाही, आज तुझा सोमवार. त्याबद्दलच बोलायचंय.

एप्रिल २०२१ मध्ये तुझ्या सासूबाई कोरोनाने गेल्या, तेव्हापासून तू निर्जळी धरतेस. सगळे म्हणतात, केवढी श्रद्धा! पण उद्यापन कधी, असं मी विचारलं की गप्प होतेस. सोळा सोमवारांनासुद्धा उद्यापन असतं गं. तुझं हे संपतच नाही, कारण तू शिक्षा भोगते आहेस. “माझ्यामुळेच त्यांना झाला,” हे तू एकदाच बोललीस, रात्री फोनवर. ते मी विसरलेले नाही.

मलाही त्याच महिन्यात झाला होता. मागची खोली, दाराबाहेर ताट. पहिले चार दिवस एका हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर आणि दुसऱ्या हातात माळ. आकडा ९४ दिसला की जप वाढवायचा. मणी चुकला तर आता काहीतरी होणार, अशी धडकी. डोळ्याला डोळा लागत नव्हता. मग आईने संध्याकाळी सातचा फोन सुरू केला. ती गावी देवापुढे, मावशी पुण्यात, मी खोलीत, आणि तिघींचा हरिपाठ. मावशीचं नेटवर्क जायचं, माझी ओळ संपेपर्यंत आईची पुढची सुरू व्हायची. पण त्या रात्री मी झोपले. नाम तेच होतं, आता सोबत होती. तुला त्या फोनवर घ्यायला हवं होतं. तू हॉस्पिटलच्या फेऱ्यांत होतीस, म्हणून घेतलं नाही. ते मला अजून टोचतं.

केनेथ पार्गमेंट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, संकटात माणसं धर्माकडे कशी वळतात याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. देव पाठीशी आहे असं वाटणं निराळं आणि देव मला शिक्षा करतोय असं वाटणं निराळं. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांत उदासी, चिंता जास्त आढळते. मला हे वाचून तूच आठवलीस. ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला मंदिरं पुन्हा उघडली तेव्हा आपण दोघी गेलो होतो. सगळे देवीकडे डोळे भरून बघत होते. तू मान खाली घालून उभी होतीस.

२०२० मध्ये पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. जन्मभर चाललेले वारकरी त्या आषाढीला घरी राहिले. त्यांच्यावर विठ्ठल रागावला, असं तुला वाटतं का? मग तुझ्यावर कोण रागावलंय? तो आजार लक्षणं दिसायच्या आधीच पसरायचा. तुला कळणार कसं होतं?

झोप अजून उडते, असं परवा म्हणालीस. त्याला उपास पुरणार नाही, डॉक्टरांकडे जाऊ, मी येते. रात्री फारच घुसमटलं तर १४४१६ लाव, सरकारी टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आणि पुढच्या सोमवारी सकाळी मी तुझ्याकडे येणार आहे. उपास कर, पण माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खा, पाणी पी. आईचा सातचा फोन अजून चालू आहे. त्या दिवसापासून तूही ये त्यावर.