घटक ५ : ‘विस्मृत’ छायाचित्रकार आणि प्रदर्शन-समीक्षा

५.१ प्रास्ताविक

प्रदर्शनाचे परीक्षण लिहिताना काही विशेषणे आपल्या लेखणीतून सहज उतरतात. ‘विस्मृत’ हे त्यांपैकी एक. ‘विस्मृत छायाचित्रकारांचा पुनर्शोध’ असे आपण लिहितो आणि पुढे जातो. या शब्दाची घडण मात्र पाहण्यासारखी आहे. ‘विसरले गेलेले’ ही कर्मणी रचना आहे. तीत कर्म आहे, क्रिया आहे. कर्ता मात्र गाळलेला आहे. कोण विसरले? कशामुळे विसरले? समीक्षकाने हा गाळलेला कर्ता शोधावा, असे या घटकाचे म्हणणे आहे. त्यासाठी दोन महायुद्धांमधील काळातील छायाचित्रणाचे उदाहरण घेऊ.

५.२ प्रदर्शन

२०२१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात ‘द न्यू वूमन बिहाइंड द कॅमेरा’ हे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये गेले. अँड्रिया नेल्सन या त्याच्या संयोजक होत्या. वीसहून अधिक देशांतील सुमारे १२० स्त्री-छायाचित्रकारांचे १९२० ते १९५० या दशकांमधील काम त्यात होते. हातात मावणारे कॅमेरे आणि सचित्र साप्ताहिके यांमुळे या काळात अनेक स्त्रियांना छायाचित्रण हा पोटापाण्याचा व्यवसाय करता आला.

न्यूयॉर्कमध्ये मांडलेल्या कलाकृती १८५ च्या आसपास होत्या. म्हणजे एकेकीच्या वाट्याला जेमतेम एक-दोन. शिवाय त्यांत डोरोथिया लँग होत्या, ज्यांना छायाचित्रणाचा इतिहास कधीच विसरला नव्हता. सर्वांना एकाच ‘विस्मृती’च्या छत्राखाली आणले की प्रत्येकीच्या विस्मरणाचे निराळे कारण झाकले जाते. म्हणून आपण दोनच व्यक्तींकडे पाहू.

५.३ लुसिया मोहोली : निगेटिव्ह कोणाकडे?

लुसिया यांचा जन्म १८९४ साली प्राग येथे झाला. लास्लो मोहोली-नाज या हंगेरियन कलावंताशी विवाह झाल्यावर, १९२३ मध्ये, त्या जर्मनीतील बाउहाउस या कलाशिक्षणसंस्थेच्या परिसरात आल्या. पती तेथे अध्यापक होते. लुसिया यांना संस्थेत पद नव्हते. तरीही डेसाऊ येथील नव्या इमारती, अध्यापकांची घरे, कार्यशाळेतील चहाच्या किटल्या आणि दिवे यांची छायाचित्रे त्यांनी घेतली. आज बाउहाउस म्हटले की डोळ्यांसमोर येते ते काचेच्या भिंतींचे स्वच्छ, करड्या छटांचे रूप बऱ्याच अंशी त्यांच्या कॅमेऱ्याने घडवले आहे.

१९३३ मध्ये त्यांचे तत्कालीन सहचर, कम्युनिस्ट नेते थिओडोर नॉयबाउअर, यांना लुसिया यांच्याच घरी अटक झाली. लुसिया यांना तातडीने देश सोडावा लागला. सुमारे ५६० काचेच्या निगेटिव्ह मागे राहिल्या. काच जड आणि तडकणारी. पळून जाणाऱ्या माणसाच्या सामानात ती बसत नाही. विभक्त पतीकडे ठेवलेल्या त्या निगेटिव्ह पुढे बाउहाउसचे संस्थापक, वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्या सामानासोबत अमेरिकेत पोहोचल्या.

येथे थोडे तंत्र समजून घ्यावे. निगेटिव्ह ज्याच्या हाती, तो कितीही प्रती काढू शकतो. मूळ छायाचित्रकाराला मात्र एकही काढता येत नाही. १९३८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात बाउहाउसचे प्रदर्शन भरले. त्याच्या पुस्तकात लुसिया यांची अनेक छायाचित्रे होती. त्यांचे नाव नव्हते. त्या वेळी त्या लंडनमध्ये व्यक्तिचित्रे टिपून उदरनिर्वाह करत होत्या. निर्वासित छायाचित्रकाराला नव्या देशात ओळख देते ते त्याचे जुने काम, आणि नेमके तेच हाताशी नव्हते. याच काळात, १९३९ मध्ये, त्यांनी छायाचित्रणाच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला, ही गोष्ट मनाला चटका लावते.

निगेटिव्ह कोठे आहेत हे कळल्यावर १९५० च्या दशकात त्यांनी ग्रोपियस यांच्याशी पत्रव्यवहार केला. ही छायाचित्रे आपल्याला फार उपयोगी पडतात, ती काढून घेऊ नयेत, असा ग्रोपियस यांच्या उत्तराचा आशय होता. अखेर वकिलामार्फत, १९५७ मध्ये, २३० निगेटिव्ह परत मिळाल्या. लुसिया यांच्या स्वतःच्या नोंदींनुसार ३३० मिळाल्याच नाहीत. २०२४ मध्ये कुन्स्टहाले प्राहा या संस्थेने त्यांच्या जन्मगावी त्यांच्या एकटीच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले.

ही कहाणी वाचल्यावर ‘विस्मृत’ हा शब्द अपुरा वाटतो. ती छायाचित्रे कोणी विसरले नव्हते. ती सतत छापली जात होती.

५.४ होमाई व्यारावाला : नाव कोणाचे?

न्यूयॉर्कच्या याच प्रदर्शनात होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) होत्या. नवसारीला जन्मलेल्या होमाई मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकल्या. तेथील सहाध्यायी तरुणींची आणि मुंबईच्या जीवनाची त्यांची आरंभीची छायाचित्रे सचित्र साप्ताहिकात आली ती पती माणेकशा यांच्या नावाने. इथे निगेटिव्ह हरवली नव्हती, नाव बदलले होते. आणि बदलणारा शत्रू नव्हे, घरचाच माणूस होता. अनोळखी तरुणीच्या नावापेक्षा पुरुषाचे नाव संपादकाच्या टेबलावर अधिक चाले, ही त्या काळाची रीत. पुढे दिल्लीत वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांनी स्वतःचे नाव मिळवले, १९७० मध्ये व्यवसाय सोडला आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. अशा व्यक्तीला ‘विस्मृत’ म्हणायचे, तर कोणाच्या स्मृतीतून, हे आधी सांगावे लागेल.

५.५ स्वयंअध्ययनासाठी

आपल्या घरातील १९७० पूर्वीचे एखादे छायाचित्र घ्या. त्याची मागची बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, हस्ताक्षर, जे असेल ते टिपून ठेवा. चित्रातील माणसांची नावे घरात कोणाला आठवतात आणि छायाचित्र टिपणाऱ्याचे नाव कोणाला आठवते, याची चौकशी करा. त्या आधारे दीडशे शब्दांचे टिपण लिहा. टिपणात ‘विस्मृत’ हा शब्द वापरायचा नाही.