कोंबडीच्या चरबीचा घरगुती उपयोग

नाशिक जिल्ह्यात कुक्कुटपालन हा शेतीचा महत्त्वाचा जोडधंदा आहे. कोंबडी साफ करताना पोटातील पिवळसर चरबी पुष्कळदा फेकून दिली जाते. वास्तविक तिच्या प्रत्येक ग्रॅमपासून सुमारे ९ उष्मांक मिळतात.

ताजी चरबी आतड्यांपासून वेगळी करून धुवावी व बारीक चिरावी. थोडे पाणी घालून मंद आचेवर कढवावी. तडतड थांबली म्हणजे पाण्याचा अंश उडाला असे समजावे. नंतर ती कोरड्या फडक्यातून गाळून, निवल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत भरावी.

हवा, उजेड व उष्णता यांमुळे चरबी खवट होते. तांब्याच्या संपर्काने ही क्रिया वाढते. म्हणून कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ती ठेवू नये. घरी शीतकपाट नसल्यास उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांपुरतीच कढवावी. खवट वास येताच टाकून द्यावी.

रश्शासाठी कांदा-खोबऱ्याचे वाटण परतताना ती तेलाऐवजी वापरावी, तेलाच्या जोडीला नव्हे.

आजारी अथवा आपोआप मेलेल्या पक्ष्याची चरबी मात्र कदापि घेऊ नये. २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली होती, याचे स्मरण ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांना द्यावे.